खटक्याच्या आवाजातली उत्तरं

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर ऊन पडून पडून ते पार उडून गेलं आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. सगळे त्याला खटकाच म्हणत. बायकोसुद्धा म्हणायची, फक्त तो समोर नसताना. नावाचं कारण त्याच्या तोंडातच होतं. काहीही बोलायच्या आधी तो जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ करायचा, भिंतीवरचं बटण दाबल्यासारखा, आणि मग त्याचा दिवा लागायचा. दिवा तरी केवढा? झिरोचा. टक्, “हं.” टक्, “असं?” टक्, “बरं बरं.” एवढ्यावर त्याचा संसार आणि धंदा दोन्ही चालले होते.

धंदा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. दुकानात शिरलं की सोल्डरिंगच्या धुराचा वास आणि टेबलावर पोट उघडून ठेवलेले रेडिओ. गिऱ्हाईक यायचं ते नुसता रेडिओ घेऊन नाही, त्याची सगळी कर्मकथा घेऊन. रेडिओ कसा पडला, कोणाच्या हातून पडला, पाडणारी जाऊ मुळातच कशी धसमुसळी, तिच्या माहेरचे सगळेच कसे तसे. खटका मान खाली घालून स्क्रू फिरवत असायचा आणि वाक्य संपल्यासारखं वाटलं की टक्, “असं?” करायचा. गिऱ्हाईक उठताना म्हणायचं, “तुमच्याशी बोललं की कसं मोकळं वाटतं.” खटक्याने त्यातली एकच गोष्ट ऐकलेली असायची, रेडिओ पडला ती.

त्याची बायको पाणीखात्यात तक्रारींच्या टेबलावर. दिवसभर फोन उचलायचा आणि म्हणायचं, “तक्रार लिहून घेतली आहे, माणूस पाठवतो.” माणूस कोणता, तो कधी निघतो, हे तिला ठाऊक नव्हतं आणि खात्यालाही नव्हतं. ही दोघं घरात एकमेकांशी काय बोलत असतील याची गल्लीला फार उत्सुकता होती. शेजारच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर म्हणायचा, “काय बोलणार? ती म्हणते, माणूस पाठवते. हा म्हणतो, असं?”

आणि तिसरी खटक्याची आई. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून तिने जन्म काढला. नवरा गेला तेव्हा खटका रांगत होता. ड्युट्या करून, शेजारणीच्या ओटीत पोर टाकून, तिने एकटीने त्याला वाढवलं. त्या गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जगात आली होती, आणि म्हातारी भर बाजारात त्यांना थांबवून सांगायची, “तू पायाळू होतास. अजून तसाच उलटा आहेस.” कोणी वाईट मानत नसे. जिने आपल्याला पहिल्यांदा उलटं धरून पाठीवर थापटी मारली, तिच्यापुढे कसला ताठा?

तर ही आई रोज दुपारी, जेवण आवरलं की, लेकाला फोन लावायची. पाण्याची टाकी, खालच्या भाडेकरूचा कुत्रा, गुडघे, डोळ्यांत घालायचे थेंब, आणि शेवटी कोण गेलं त्याची बातमी. खटक्याचं आईवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. पण दुपारीच दाराकडून नेमका उजेड टेबलावर यायचा आणि बारीक कामं त्याच उजेडात व्हायची. रिसीव्हर खांद्यात धरून, मान वाकडी करून तो “हं हं” करत तारा जोडायचा. एकदा आई कुत्र्यावर बोलत असताना भलतीच तार जोडली गेली आणि कोणाच्या तरी रेडिओतून बातम्यांच्या ऐवजी धूर निघाला.

त्या दिवशी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तो कंपाउंडरला म्हणाला, “तिला मी नको असतो रे. तिला हुंकार हवा असतो. तेवढा तर टेपही देईल.”

“लेका, आई आहे ती. गिऱ्हाईक नव्हे. पहिल्या वाक्याला पकडेल.”

टक्, “नाही पकडणार.”

“यंत्राला कळणार आहे का, ती काय बोलते ते?”

“मला कुठे कळतं?”

कंपाउंडरला उत्तर सुचलं नाही, आणि ज्या दिवशी कंपाउंडरला उत्तर सुचत नाही त्या दिवशी गल्लीत काहीतरी विपरीत घडतं असा अनुभव आहे. पैज लागली. कंपाउंडर हरला तर त्याने अख्खा दिवस एकाही गिऱ्हाइकाला फुकटचा सल्ला द्यायचा नाही. खटका हरला तर त्याने आईची माफी मागायची, आणि तीही पूर्ण वाक्यात.

फोन आपणहून उचलून निरोप घेणारं एक जुनं यंत्र माळ्यावर धूळ खात पडलं होतं. खटक्याने ते उघडलं. त्यात दोन कॅसेटी बसवल्या. समोरचा बोलायचा थांबला, की आतलं बटण पडायचं आणि कॅसेट एका उत्तराएवढी पुढे सरकायची. थांबताना आवाज वर चढलेला असला तर तो प्रश्न समजायचा आणि दुसरी कॅसेट फिरायची. एका कॅसेटीवर ऐकून घेण्याची वाक्यं, दुसरीवर प्रश्नांना द्यायची, सगळी ओळीने, संपली की पुन्हा पहिल्यापासून. अक्कल म्हणाल तर एवढीच. एक खोड मात्र जाईना. बटण पडलं की ‘टक्’ असा आवाज यायचा. खटक्याने तेल घातलं, रबर लावलं, शेवटी हात टेकले. कंपाउंडर शांतपणे म्हणाला, “कशाला झटतोस? तो तर तूच आहेस.”

उत्तरं भरताना वेगळीच पंचाईत झाली. समोर कोणी नसताना खटक्याच्या तोंडून “असं?” निघेना. निघालं ते सरकारी नोटीस वाचल्यासारखं. मग त्याने कंपाउंडरलाच पुढ्यात बसवलं. “तू बोल. तुझ्या पोटाबद्दल बोल.” कंपाउंडरचं पोट हा गल्लीतला सगळ्यात जुना विषय. दुनियेला औषधं देणाऱ्या त्या गृहस्थाचं स्वतःचं पोट काही साफ व्हायचं नाही. तो रंगात येऊन सांगत सुटला आणि खटका मायक्रोफोन धरून उत्तरं देत गेला. “असं? मग?” “थेंब घातलेस ना डोळ्यांत?” “अगं, मग आधी नाही का सांगायचं?” “काय सांगतेस.”

“मला ‘सांगतेस’ म्हणतोस?” कंपाउंडर दुखावला.

“तू बोलत राहा.”

कंपाउंडर बोलत राहिला. शेवटी तर, हे कोणाला आजवर सांगितलं नाही म्हणून, त्याने आणखी एक नाजूक दुखणं सांगितलं, आणि खटका खरोखर कळवळून म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. मनात ठेवायचं नाही असं काही.” कॅसेटीवरचं हे सगळ्यात चांगलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. यंत्राने उचलला. आवाज छोट्या स्पीकरवर सोडला होता. दोघं श्वास धरून बसले.

“अरे, मी बोलतेय.”

टक्, “हं. बोल आई.”

“अरे, टाकी आज परत वाहिली. सांगून सांगून दमले मी त्या माणसाला.”

टक्, “असं? मग?”

“मग काय. जिना सगळा ओला. आणि कुत्रं त्यावरून घसरलं.” आई हसली. “तुझ्याकडे आज भाजी काय केली होती?”

आवाज वर चढला होता. दुसरी कॅसेट फिरली. टक्, “तू म्हणशील तसं.”

कंपाउंडरने खटक्याचा गुडघा दाबला. संपलं आता.  पण आई म्हणाली, “मी म्हणून काय उपयोग? तिथे तुझी बायको म्हणेल तसं. गरीब गाय आहेस तू, लहानपणापासून.” आणि गुडघ्यांवर आली.

फोन ठेवताना ती म्हणाली, “आज किती दिवसांनी नीट बोललास. घाईत नव्हतास.”

पैज खटक्याने जिंकली होती, पण त्याचा चेहरा काही जिंकल्यासारखा दिसेना. “तिने ओळखलंच नाही,” तो पुटपुटला.

“यंत्र पास झालं असं समजू नकोस,” कंपाउंडर उठता उठता म्हणाला. “तू आधीच नापास होतास.” फुकटचा सल्ला बंद असल्यामुळे पुढचं त्याने गिळलं.

पैजेपुरतं होतं ते यंत्र मग तिथेच राहिलं. आधी खटका अधूनमधून ऐकायचा. मग तेच गुडघे आणि तीच टाकी म्हणून त्याने ऐकणं सोडलं. निरोप टिपून ठेवणारा त्यातला भाग चांगला शाबूत होता; एका गिऱ्हाइकाच्या टेपरेकॉर्डरला नेमका तोच हवा होता, म्हणून त्याने तो काढून तिकडे बसवला. स्पीकरची तारही अशीच कुठेतरी कामी आली. दुरुस्तीवाल्याच्या घरात कुठलीच वस्तू फार दिवस पूर्ण राहत नाही. आता यंत्राला तोंड तेवढं उरलं. आई काय बोलते ते ना कोणाला ऐकू यायचं, ना कुठे उरायचं. यंत्राच्या पोटातून बारीक ऐकू यायची ती फक्त खटक्याची उत्तरं.

आणि ही उत्तरं ऐकण्यासारखी होती हो. जेवून तोंड पुसत खटका पडद्याशी यायचा, तेव्हा रिकाम्या दुकानात त्याचाच आवाज कोणाला तरी मायेने विचारत असायचा, “थेंब घातलेस ना डोळ्यांत?” तो तिथेच थबकायचा. आपण इतकं हळू, इतकं सावकाश कधी बोललो होतो हे त्याला आठवेना. गिऱ्हाइकं येऊन त्या आवाजाला उत्तरं देऊन गेली. एका म्हातारबुवांनी तर आपल्या रेडिओचं सगळं रडगाणं सांगितलं, “काळजी करू नकोस” एवढं ऐकलं आणि समाधानाने घरी गेले. फक्त तरण्याताठ्या माणसाने आपल्याला अरेतुरे केलं याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

बायकोला हे सगळं अर्धवट ठाऊक होतं. आईला दुपारी टेपवरची उत्तरं ऐकवतो असं त्याने एकदा सांगितलं होतं आणि तिने ती तक्रारही मनात लिहून घेतली होती. मग एका दुपारी डोकं दुखलं म्हणून ती कचेरीतून लवकर आली, मागच्या दाराने. पडद्यापलीकडे नवरा बोलत होता.

“अहो, चहा टाकू का?”

टक्, “तू म्हणशील तसं.”

तिने चहा टाकला. गाळता गाळता आत बोलत राहिली, साहेब कसे वागले, पंखा कसा बंद होता. पडद्यापलीकडून वेळेवर “असं?” येत होतं, “मग?” येत होतं. लग्न झाल्यापासून इतकं कोणी तिचं ऐकून घेतलं नव्हतं. कप घेऊन ती पडद्याशी गेली, आणि त्याच वेळी पुढच्या दारातून खटका पिशवी घेऊन आत आला.

“अगं, तू आज लवकर?”

टेबलामागून, आईच्या फोनवरचा, दुसरा खटका म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. मनात ठेवायचं नाही असं काही.”

बायकोने कप टेबलावर ठेवला तो ठेवताना अर्धा बशीत सांडला. बराच वेळ ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग यंत्राकडे. “हे बंद करा,” ती म्हणाली. “आईंसाठी नाही म्हणत. मला त्याच्याशी बोलायला आवडलं, म्हणून म्हणते.”

टक्, “बघू,” खटका म्हणाला. आणि आपण ‘बघू’ म्हटलं की यंत्राने म्हटलं, अशी एक शंका त्याला पहिल्यांदा चाटून गेली.

बंद काही झालं नाही. मग म्हातारीच आली. डोळे तपासून घ्यायचे होते. बसमधून उतरली, पिशवी लेकाच्या हातात दिली आणि चालता चालता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असं ती कधी करत नसे. हात फिरवायचा तो तान्ह्या पोरांवर, वाढलेल्यांना धपाटा, हा तिचा नियम होता.

डोळ्यांचं काम झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, बायको कचेरीत असताना, ती दुकानातल्या स्टुलावर येऊन बसली. यंत्रावर खटक्याने फडकं टाकून ठेवलं होतं.

“एक बोलू का?” ती म्हणाली. “तुला त्या दिवशी फोनवर सांगितलं ना, तेव्हापासून मला झोप लागायला लागली.”

खटक्याच्या हातातला स्क्रू टेबलाखाली पडला.

“इतकी वर्षं मी ते पोटात घेऊन वावरले. वाटायचं, ऐकल्यावर हा माझं तोंड बघणार नाही. रागावला असतास तरी मी समजून घेतलं असतं, तुझा हक्कच होता. आणि तू काय म्हणालास? बरं झालं सांगितलंस म्हणालास. एवढंच. माझ्या राजा, मी फोन ठेवून भिंतीला टेकून रडले.”

  खटक्याच्या तोंडून टक्, “हं,” एवढं आपोआप निघालं.

“आता परत तो विषय नको. तुला कळलं, मला कळलं, संपलं.” असं म्हणून ती उठली आणि खाली वाकून स्वतःच त्याचा स्क्रू शोधायला लागली.

झालं. त्या दिवसापासून खटक्याचं चित्त ठिकाणावर राहीना. आईने त्याला काहीतरी सांगितलं होतं. इतकं मोठं, की ज्यावर रागवायचा त्याला हक्क होता. आणि ते जगातल्या कोणालाच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं लेकाला माहीत आहे. लेकाला एवढंच माहीत होतं, की आपण त्यावर फार चांगलं वागलो.

त्याने आडून आडून प्रयत्न करून पाहिला. गिऱ्हाइकांना बोलतं करणारे सगळे हुंकार आईवर वापरून झाले. तिच्याजवळ बसायचं, वाट बघायची, मग हळूच, टक्, “मग?”

“मग काय?”

“नाही. त्या... त्याचं पुढे काय झालं?”

“तुला सांगितलं ना सगळं. आता कशाला उकरतोस?” आणि ती त्याच्याकडे अशी बघायची, की तो चूळ भरायला उठायचा.

बायको म्हणाली, “वडिलांबद्दल असेल. गेले म्हणतात ते गेलेच कशावरून?” कंपाउंडर बाकावर हळू आवाजात म्हणाला, “बाळंतिणींच्या वॉर्डात होती ती. शेकडो पोरं तिच्या हातातून गेली. त्यातलं एक घरी आलं.” मग आपण काय बोलून बसलो हे कळून त्याने घाईघाईने ऊन फार असल्याचं सांगितलं. पण वाक्य सुटलं होतं. खटका दुकानातल्या फुटक्या आरशात स्वतःचे कान बघायला लागला. आईचे कान लहान, पाळ्या चिकटलेल्या. त्याचे सुटे. वडिलांच्या एकुलत्या एक फोटोत टोपी कानांवर ओढलेली. आता त्या टोपीवरून तो रोज काय काय ठरवायचा आणि रोज मोडायचा. रस्त्यात आपल्याच वयाचा, सुट्या कानांचा माणूस दिसला की वळून बघायचा. जीभ टाळ्याला लावायचाही त्याला संकोच वाटायला लागला. ही सवय तरी आपली की आणखी कोणाची?

आई गावी जायच्या आदल्या दुपारी त्याच्याच्याने राहवेना. त्याने यंत्रावरचं फडकं काढलं आणि सांगितलं. पूर्ण वाक्यांत सांगितलं, एकदाही ‘टक्’ न करता. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काही कळल्याचं दिसलं नाही. मग तिने हात पुढे करून यंत्राला बोट लावलं, ताप बघतात तसं.

“म्हणजे टाकीचं तुला माहीत नाही?”

“नाही.”

“कुत्रं मेलं ते?”

“कुत्रं मेलं?”

“थेंब घातलेस का, ते कोण विचारायचं?”

“हेच. पण आवाज माझाच होता आई.”

“आणि बरं झालं सांगितलंस, ते?”

खटक्याने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. “ते कंपाउंडरला म्हटलं होतं. त्याच्या दुखण्याबद्दल. खालचं दुखणं.”

आई हसायला लागली. नर्सबाई हसतात तसं, मोकळं, कसलीही लाज न ठेवता. इतकी हसली की डोळ्यांतले थेंब बाहेर आले. मग हसू आपोआप विझलं आणि ती हळूच म्हणाली, “मग मी सांगितलं कोणाला?”

दुकानात इतके रेडिओ होते, पण एकातूनही चकार शब्द आला नाही.

“आता सांग,” खटका तिच्यापुढे उकिडवा बसला. “आता मी आहे. काहीही असू दे. मी तेच म्हणेन, जे त्याने म्हटलं.”

तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, हनुवटी वर केली, कान बघितले. निदान त्याला तरी वाटलं की कानच बघितले. “नाही येत रे,” ती म्हणाली. “एकदाच आलं होतं तोंडात. फोनवर तोंड दिसत नव्हतं म्हणून आलं. आता ही अशी वाट बघणारी नजर समोर असताना कसं येणार?”

दुसऱ्या दिवशी ती गेली. बसमध्ये बसेपर्यंत हवापाण्यावर बोलली.

पुढे बरेच दिवस फोन आला नाही. खटका दुपारी हातातलं काम टाकून फोनपाशी बसून राहायचा. तोच फोन लावायचा, तर पलीकडून “हं”, “बरं आहे”, “ठेवते” एवढंच. गल्लीत कोणीतरी म्हणालं, म्हातारीने तर लेकाची विद्या लेकावरच उलटवली. खटक्याने ते ऐकलं आणि मान हलवली, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय.

मग एका दुपारी फोन वाजला.

“अरे, मी बोलतेय.”

“आई. बोल ना. बोल.”

 “तू आहेस, की तो?”

“मीच आहे. शपथ.”

“बरं.” आई म्हणाली. “त्याला दे.”

खटका रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला. पडद्याआडून बायकोने बघितलं. 

“दे ना रे,” आई म्हणाली, भांडण न करता, अगदी साधेपणाने. “जरा बोलायचंय. तुझ्यावर राग नाही माझा.”

त्याने यंत्राची कळ दाबली आणि रिसीव्हर ठेवला. टक्, “हं. बोल आई.” आवाज त्याचा होता आणि त्याच्यापेक्षा कितीतरी निवांत.

हे रोजचंच होऊन बसलं. आई फोन करायची, “त्याला दे” म्हणायची, आणि खटका आपल्याच दुकानात परका होऊन आपली उत्तरं ऐकत बसायचा. “असं? मग?” यानंतर लांब शांतता. त्या शांततेत ती काय बोलत असेल ते तो बसवून बघायचा. तिथे टाकीही बसायची आणि वॉर्डातला पाळणाही बसायचा. उत्तर दोन्हींना चपखल बसत होतं, आणि हेच त्याला सोसवत नव्हतं.

ऐकायचं ठरवलं तर काम चिमूटभर होतं. दोन तारा, कानाला लावायचं एक बटण. कुठली तार कुठे हे त्याला डोळे मिटूनही माहीत. तरी तो ते करत नव्हता. मग एका सकाळी आरशापुढे दाढी करताना त्याला वाटलं, आरशातला माणूस कोण हे कळल्याशिवाय हा साबण पुसायचा नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून तो टेबलाशी आला आणि दोन्ही तारा जोडून मोकळा झाला.

दुपारी फोन आला. “त्याला दे,” आई म्हणाली. त्याने दिला, आणि बटण कानात घातलं.

आईचा आवाज आला, इतका जवळून, जणू ती त्याला कुशीत घेऊन बसली आहे. आज टाकी नव्हती, गुडघे नव्हते. तिने नाक ओढलं, घसा साफ केला.

“तुला मागे सांगितलं होतं ना, ते आज परत सांगावंसं वाटतंय. त्याला नाही सांगता येत. तुला येतं.”

टक्, “सांग ना.”

खटक्याने टेबलाची कड धरली.

“पण तो नाही ना ऐकत?”

आवाज वर चढला होता. दुसरी कॅसेट फिरली, आणि ओळीने त्या जागी जे वाक्य होतं ते आलं. टक्, “नाही गं. तसं काही नाही.”

त्याच्याच आवाजात. मायेने. डोळ्याची पापणीही न हलवता.

“हां,” आई म्हणाली. तिने निःश्वास सोडला, मान टेकल्यासारखा. “मग ऐक. ज्या दिवशी तू...”

खटक्याने कानातलं बटण उपटून काढलं. दोन्ही तारा हिसडल्या, त्या सोल्डरसकट तुटून आल्या. त्या मुठीत घेऊन तो दुकानाबाहेर आला आणि बाकावर बसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर दाढी आणि वाळलेला साबण. कंपाउंडरने आपल्या दारातून बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. ह्या वेळी पैज वगैरे काही नव्हती.

आत टक् टक् चालू होतं. मधल्या शांतता आज फार लांब होत्या.

एक बाई रेडिओ घेऊन आली. दाराशी थांबली, आत कान देऊन म्हणाली, “कोणीतरी आहे का आत? की तुम्हीच दुरुस्त करता?”

“मीच करतो,” खटका म्हणाला. “पण थोडं थांबा. तो आईशी बोलतोय.”